आठ-नऊ-नऊ-आठ: युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य

विषय: पुढच्या टाळेबंदीसाठी प्रत्येक मंडळाने आजच करून ठेवायचा एक कागद

सप्रेम नमस्कार.

२०२० च्या वसंतात मंडळांनी ऑनलाइन अंताक्षऱ्या घेतल्या, पाककृतींच्या स्पर्धा घेतल्या, काढ्यावर व्याख्यानं ठेवली. त्याबद्दल तक्रार नाही. बंद घरात माणसांना माणसं लागतात. पण परक्या देशात टाळेबंदी लागली की माणूस अडतो तो फार साध्या जागी. बाहेर पडायची परवानगी मागणाऱ्या मेसेजमध्ये कुठला नंबर टाकायचा, पिनकोड कुठला, पोलिसाला काय दाखवायचं, परमिट संपत आलंय तर कुठे जायचं. या प्रश्नांना व्हॉट्सअ‍ॅपवर सतरा उत्तरं येत होती आणि त्यातली पंधरा चुकीची होती. मंडळाकडे एक तपासलेला कागद असता तर बरंच निभावलं असतं. तो कसा असावा हे आम्ही सायप्रसचं उदाहरण घेऊन सांगतो. तिथे घराबाहेर पडायची परवानगी ८९९८ या क्रमांकावर एसएमएस करून घ्यावी लागायची. तुमच्या देशात आकडे वेगळे असतील, पण माणूस अडण्याच्या जागा याच असतात.

आधी त्या संध्याकाळची आठवण. २४ मार्च २०२० ला भारतात रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. तेव्हा सायप्रसमध्ये दुपारचे साडेचार वाजले होते. दीड तासाने, संध्याकाळी सहाला, सायप्रसचा संचारबंदीचा आदेश लागू झाला. म्हणजे घरच्यांची काळजी आणि स्वतःची कोंडी एकाच संध्याकाळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, आपला गुढीपाडवा होता आणि सायप्रसमध्येही सार्वजनिक सुट्टी होती, ग्रीक स्वातंत्र्यदिनाची. पुढच्या बुधवारी, १ एप्रिलला, आणखी एक राष्ट्रीय सुट्टी. मग १७ ला त्यांचा गुड फ्रायडे, १९ एप्रिलला ऑर्थोडॉक्स ईस्टर. कॅथलिक ईस्टर त्याआधी आठवडाभर, १२ तारखेला होऊन गेलेला, त्यामुळे भारतातल्या कॅलेंडरवर बघून 'ईस्टर संपला, आता ऑफिसं उघडतील' म्हणणारे सरळ फसायचे. २०२१ मध्ये तर हे अंतर जवळजवळ महिन्याचं होतं: कॅथलिक ईस्टर ४ एप्रिलला, ऑर्थोडॉक्स २ मे ला, आणि तो तिसऱ्या टाळेबंदीच्या ऐन मध्यात, कारण ती २६ एप्रिल ते ९ मे अशी होती. म्हणून कागदावर सगळ्यात वर स्थानिक सुट्ट्या लिहा. एरवी सुट्टीमुळे एक दिवस वाया जातो. टाळेबंदीत त्याच सुट्टीने परमिटची शेवटची तारीख हुकते.

आणि हो, २९ मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी रात्री नऊ ते सकाळी सहाची संचारबंदी आली. भिंतीवरचं घड्याळ आणि मोबाईल यांच्यात एका तासाचा फरक राहिला असेल, तर तो त्या दिवसांत ३०० युरोच्या दंडाला पडू शकत होता.

आता कायदा. सायप्रसचे सगळे आदेश ब्रिटिश काळातल्या क्वारंटाइन कायद्याखाली निघाले. कायदेसंग्रहातलं ते प्रकरण २६०. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदा बाहेर काढला गेला, तसंच हे. हे सांगायचं कारण असं की आरोग्यमंत्र्याच्या सहीने आदेश निघतो आणि लगेच लागू होतो, आणि तो निघतो ग्रीकमध्ये. सरकारच्या माहिती कार्यालयाचं इंग्रजी भाषांतर मागून येतं. मधल्या काळात वर्तमानपत्रांचे सारांश, त्यांचे स्क्रीनशॉट आणि स्क्रीनशॉटवर कुणीतरी मराठीत घातलेली भर एवढंच हातात असतं. मंडळाने इथे एक नियम पाळावा: आदेशाचा दिनांक आणि तो लागू होण्याची वेळ लिहिलेली नसेल, तर ती बातमी ग्रुपवर टाकायची नाही. ज्यांना थोडं ग्रीक वाचता येतं अशा दोघांची नावं आधीच ठरवून ठेवावीत. भाषांतर यंत्राकडून करून घेतलं तर 'पर्यंत' आणि 'पासून' हे दोन शब्द मूळ मजकुराशी पुन्हा ताडून पाहावेत. तारखांचे घोळ तिथेच होतात.

ग्रीक अक्षरांचा एक सापळाही सांगून ठेवतो. बाहेर पडायचे दोन छापील फॉर्म होते, ए आणि बी. ग्रीक माणूस त्यांना 'आल्फा' आणि 'वीता' म्हणतो. दुसरं अक्षर दिसतं बी सारखं, पण त्याचा उच्चार वीता. फोनवर पलीकडून 'वीता' ऐकू आलं की आपण 'व्ही' नावाचा फॉर्म शोधत बसतो, जो नसतोच.

फॉर्म ए नोकरदारांसाठी. त्यावर मालकाची सही, कामाची जागा, ओळखपत्राचा क्रमांक. तो एकदा भरला की रोज कामावर जायला चालायचा आणि दिवसाला एकदाच बाहेर पडायची मर्यादा त्याला लागू नव्हती. रात्री नऊनंतर घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलांची सगळी भिस्त याच कागदावर. इथे गडबड व्हायची ती मालकामुळे: सही एका दुकानाच्या पत्त्यावर आणि काम दुसऱ्या शाखेत. पोलीस पत्ता वाचतो. दोन ठिकाणी काम असेल तर दोन फॉर्म हवेत.

फॉर्म बी वैयक्तिक कामासाठी, दर वेळी नवा. ३१ मार्चपासून त्याची जागा बहुतांशी एसएमएसने घेतली, क्रमांक ८९९८. हा क्रमांक त्या वर्षी बेटावरच्या लहान मुलांनाही पाठ होता. मेसेज फुकट होता. त्यात तीन गोष्टी, दोन रिकाम्या जागा: कारणाचा आकडा, जागा, ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा क्रमांक, जागा, पिनकोड. मंजुरीचं उत्तर आल्यावरच दाराबाहेर पाऊल टाकायचं. मेसेज पाठवलाय म्हणून निघालो, हे चालत नव्हतं. दिवसातून एकदाच. ४ मे पासून तीनदा, २१ मे पासून मेसेजची गरज संपली. १० जानेवारी २०२१ ला दुसरी टाळेबंदी आली तेव्हा ८९९८ परत आला, या वेळी दिवसाला दोनदा. नियम मोडला तर आधी १५० युरो दंड होता, ३१ मार्चपासून ३००.

कारणांचे आठ आकडे होते. १ म्हणजे औषधाचं दुकान, डॉक्टर किंवा रक्तदान. २ जीवनावश्यक खरेदी. ३ बँक, पण काम ऑनलाइन होत नसेल तरच. ४ सरकारी कार्यालय, तेही अगदी अडलं असेल तर. ५ स्वतःचं करू न शकणाऱ्याला मदत. ६ व्यायाम किंवा पाळीव प्राण्याला फिरवणं, घराच्या आसपास आणि दोनपेक्षा जास्त माणसं नाहीत. ७ अंत्यसंस्कार, लग्न किंवा बाप्तिस्मा, जवळचे नातेवाईक, दहापर्यंत. ८ बाकी काहीही, पण कारण पटवून देता आलं पाहिजे. आपली मंडळी सर्रास आठ टाकायची, कारण 'त्यात सगळं बसतं'. बसतं खरं, पण रस्त्यावर अडवलं तर आठला पुरावा मागतात आणि दोनला हातातली पिशवी पुरते. जिथे नेमका आकडा आहे तिथे तोच टाकावा. बरोबरच्या पाकिटात पासपोर्ट किंवा परमिट असलंच पाहिजे, आणि क्रमांक मेसेजमध्ये टाकलाय तोच.

मेसेज नाकारला जायची किंवा उत्तरच न येण्याची कारणं फार किरकोळ असतात, आणि ती नेमकी आपल्यालाच जास्त भोवतात. भारतीय पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि सात आकडे. अक्षर आणि आकडे यांच्यात सवयीने जागा सोडली की यंत्राच्या लेखी तीनाचे चार भाग होतात. फोनवर मराठी कळफलक चालू असेल तर आकडे देवनागरीत उमटतात; डोळ्यांना ते बरोबरच वाटतात. ग्रीक कळफलक असेल तर आणखी फसवं: ग्रीक ए आणि इंग्रजी ए दिसायला तंतोतंत सारखे, यंत्रासाठी दोन वेगळी अक्षरं. शून्य आणि 'ओ' यांची अदलाबदल ही जुनीच गोष्ट. उपाय सोपा आहे. बरोबर गेलेला पहिला मेसेज फोनच्या नोंदवहीत साठवायचा आणि रोज पहिला आकडा तेवढा बदलून चिकटवायचा. आणि कुणी आधार क्रमांक टाकून पाहायच्या आधीच सांगतो: तो भारताबाहेर नुसता बारा आकडे असतो.

पिनकोड सायप्रसमध्ये चार आकडी. निकोसियाचा १ किंवा २ ने सुरू होतो, लिमासोलचा ३ किंवा ४ ने, फामागुस्ता जिल्ह्याचा ५ ने, लार्नाकाचा ६ किंवा ७ ने, पाफोसचा ८ ने. सहा आकडी पिनची सवय असलेला माणूस चार आकडे बघून 'यात काहीतरी राहिलंय' म्हणतो आणि पुढे दोन शून्यं जोडतो. भाडेकरारावर पिनकोड नसेल तर वीजबिलावर असतो. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तो माहीतच नसतो, म्हणून मंडळाच्या यादीत सदस्याच्या नावापुढे पिनकोडचा रकाना ठेवा. गोत्र आणि गावाचे रकाने असतातच, हा एक वाढवायला हरकत नसावी.

भारतातलं सिम रोमिंगवर ठेवून राहणाऱ्यांचा वेगळा प्रश्न. ८९९८ सारखे चार आकडी क्रमांक त्या देशाच्या मोबाईल कंपन्यांशी बांधलेले असतात. भारतीय सिमवरून ते लागतील असं धरून चालू नये. म्हणजे कागदी फॉर्म, आणि घरात प्रिंटर नाही. पेरिप्तेरो, म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं दुकान, तिथून स्थानिक प्रीपेड सिम पहिल्या दिवशीच घेतलं तर हा प्रश्न सुटतो.

भारतीय सिम टाकून द्यायचं मात्र नाही, उलट त्याला जपायचं. तिथल्या बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. रिचार्ज संपलं की सिम बंद पडतं. रिचार्ज करायला भारतीय कार्ड लागतं, कार्डाला ओटीपी लागतो, ओटीपी बंद सिमवर जातो. घरचं कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून रिचार्ज मारेल ही नेहमीची सोय २५ मार्चपासून कोपऱ्यावरच्या दुकानासकट बंद झाली. वर्षभराचं रिचार्ज एकदम करून ठेवणं, रोमिंग भारतात असतानाच चालू करून घेणं, आणि बँकेत ईमेलवर ओटीपीची सोय असेल तर ती घेणं, या तिन्ही गोष्टी टाळेबंदीआधी पंधरा मिनिटांत होतात. टाळेबंदीत एकही होत नाही.

कागदपत्रांतला सगळ्यात मोठा धोका पासपोर्टच्या मुदतीचा. सायप्रसचं राहण्याचं परमिट, ज्याला सगळे 'पिंक स्लिप' म्हणतात, पासपोर्टच्या आयुष्यावर टेकलेलं असतं. भारतीय पासपोर्ट संपायला एक वर्ष उरलं की नूतनीकरण करता येतं. बहुतेक लोक दोन महिने उरल्यावर जागे होतात. नूतनीकरणाचं काम निकोसियातल्या भारतीय उच्चायुक्तालयाचं, परमिटचं काम स्थलांतर खात्याचं, आणि टाळेबंदीत दोन्हीकडची गर्दी कमी करायला भेटीच्या वेळा कमी होतात. एक कडी अडली की दुसरी अडते. वर्षाच्या आत मुदत संपणारे पासपोर्ट मंडळाने दर पाडव्याला मोजावेत, सरळ हात वर करायला सांगून.

नवीन पासपोर्ट आला की क्रमांक बदलतो, हेही विसरतं. परमिटवर जुना क्रमांक, मेसेजमध्ये नवा, आणि रस्त्यावर पोलीस दोन्ही ताडून बघतोय. रद्द झालेला जुना पासपोर्ट नव्याबरोबर ठेवायचा. परकीय नोंदणीचा एआरसी क्रमांक मात्र पासपोर्ट बदलला तरी तोच राहतो, म्हणून सरकारी पत्रव्यवहारात आणि भेटीच्या अर्जात तो आठवणीने लिहावा. अर्ज दिल्याची पावती परमिटइतकीच जपावी: मूळ घरी, फोटो फोनमध्ये, आणि एक प्रत मंडळाच्या विश्वासातल्या माणसाकडे. जे घरकामाला किंवा शेतावर आहेत, त्यांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो असं वारंवार दिसतं. मालकाला तो ठेवून घ्यायचा अधिकार नाही. टाळेबंदीच्या दिवशी मालक दुसऱ्या शहरात अडकला तर कामगाराकडे मेसेजमध्ये टाकायला क्रमांकसुद्धा नसतो. किमान त्याचा फोटो तरी फोनमध्ये असू द्या.

आता स्वयंपाकघर. दोन-तीन दिवस रिकामी कपाटं दिसली, पण किराणा दुकानं बंद नव्हती. दिवसातून एकदा जाता येत होतं. अडचण एवढीच की भारतीय दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि तूरडाळ तिथेच. म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला स्थानिक नावांचा तक्ता असावा, आणि सायप्रसचा तक्ता मराठी माणसाला अगदी सोयीचा आहे. 'लुवी' म्हणजे आपली चवळी. सायप्रसची माणसं ती पालेभाजी घालून, लिंबू पिळून खातात. 'फाकेस' म्हणजे सालासकट मसूर. 'फावा' नावाने मिळते ती पिवळ्या वाटाण्याची डाळ, तुरीच्या वरणाला सगळ्यात जवळची. अर्धा तास भिजवली आणि हिंग थोडा जास्त घातला की चालून जाते. 'सिमिग्दाली' म्हणजे रवा, बारीक आणि जाड दोन्ही, पण तो ड्युरम गव्हाचा असतो: पिवळसर आणि जास्त पाणी पिणारा. वाटीला अडीच वाट्या पाणी धरा, नाहीतर शिरा चमच्याला चिकटून उभा राहतो. 'पुर्गुरी' आपल्या दलियासारखी दिसते, पण ती आधी उकडून वाळवलेली असते. तिला कुकरच्या शिट्ट्या दिल्या तर लगदा होतो. फोडणीत परतायची, दुप्पट पाणी घालायचं, झाकायचं, पंधरा मिनिटं. पोळ्यांना 'होर्यातिको' म्हणजे गावठी पीठ आणि साधं पीठ निम्मं-निम्मं घ्यावं. नुसत्या गावठी पिठाची कणीक ताणून मागे येते, तिला अर्धा तास झाकून ठेवावं लागतं.

'कोलोकासी' दिसली की घ्यावी. आपल्या अळकुडीची थोरली बहीण, वजनाला किलोच्या आसपास. ती धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, सोलायची, आणि सुरीने खाच पाडून तुकडा मोडून काढायचा. सायप्रसच्या आज्या हे काटेकोरपणे पाळतात, कारण पाणी लागलं आणि सरळ कापली की बुळबुळीत होते. चिंच मिळाली नाही तर लिंबू, पण आंबट काहीतरी हवंच. कोथिंबीर सायप्रसमध्ये मुबलक; हे सुख ग्रीसमधल्या मंडळींना नाही. घोळाची भाजी 'ग्लिस्त्रिदा' म्हणून उन्हाळ्यात येते. पोहे मात्र नाहीत. कसलाही पर्याय नाही. दोन किलो साठवून ठेवा.

खरी अडचण धान्याची नसते, सुट्या भागांची असते. भारतीय कुकरची रबरी रिंग बेटावर सहजी मिळत नाही, आणि टाळेबंदीत भारतातून टपालही बंद होतं. दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह ही खरी टाळेबंदीची शिदोरी. सायप्रसमधले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे, त्यामुळे भारतीय मिक्सर थेट बसत नाही. अ‍ॅडॅप्टर सैल झाला की तापतो. एक चांगला राखीव ठेवा. गॅसचे सिलिंडर दहा किलोचे असतात, आपल्या १४.२ किलोच्या हिशोबाने महिना मोजणाऱ्यांचा गॅस आठवडाभर आधी संपतो. घरात सगळे दिवसभर असले की आणखी आधी. आणि पाण्याचं: बऱ्याच इमारतींत स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ थेट सार्वजनिक वाहिनीवर असतो, बाकीचे नळ गच्चीवरच्या टाकीवर. प्यायचं पाणी बाथरूमच्या नळाचं घेऊ नये.

औषधांचं थोडक्यात सांगतो, पण ते धान्याच्या आधी वाचा. भारतातली ब्रँडची नावं बाहेर कुणाला कळत नाहीत. क्रोसिन मागू नका, पॅरासिटामॉल मागा. इकोस्प्रिन नाही, अ‍ॅस्पिरिन आणि पुढे मिलिग्रॅमचा आकडा. थायरोनॉर्म नाही, लेव्होथायरॉक्सिन आणि पुढे मायक्रोग्रॅमचा आकडा. घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्यांचं मूळ नाव, ताकद आणि वेळ इंग्रजी लिपीत लिहून फ्रिजवर लावा. भारतातून आणलेल्या सहा महिन्यांच्या साठ्यावर जगणाऱ्यांनी, तो निम्म्यावर येताच स्थानिक डॉक्टरकडून चिठ्ठी घ्यावी. सायप्रसच्या सार्वजनिक आरोग्य योजनेत, गेसीमध्ये, कोण बसतं हे परमिटच्या प्रकारावर ठरतं. खासगी विम्यावर असाल तर साथीचा रोग त्यात वगळलाय का ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत आजच बघा. शंका विचारायला त्या वेळी १४२० होता, तातडीला ११२.

विमानं. भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली, सायप्रसने २१ पासून टप्प्याटप्प्याने. सायप्रसचे विमानतळ ९ जूनला उघडले. सायप्रस-भारत थेट विमान तेव्हा नव्हतं. नेहमीचा रस्ता आखातातून, तो मार्चच्या चौथ्या आठवड्यात बंद झाला. तुर्कस्तान नकाशावर हाकेच्या अंतरावर, पण लार्नाकाहून तिथे विमान जात नाही. उरतं अथेन्स किंवा व्हिएन्ना, आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात: सायप्रस युरोपीय संघात असला तरी तेव्हा शेंगेनमध्ये नव्हता. पुढचं विमान रद्द झालं तर सायप्रसच्या परमिटवर अथेन्सच्या विमानतळाबाहेर पडून हॉटेल गाठता येत नव्हतं. म्हणून दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून निघू नये. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास हवा, म्हणजे अडकलात तर विमान कंपनी जबाबदार. वंदे भारत मोहिमेची विमानं ७ मे पासून सुरू झाली. त्यात नाव यायला उच्चायुक्तालयाकडे आधी नोंदणी हवी, तिकीट स्वखर्चाने, आणि उतरल्यावर विलगीकरणाचा खर्च वेगळा. नोंदणी केली म्हणजे जाणं बंधनकारक नव्हतं. एवढं वाक्य ग्रुपवर वेळेत आलं असतं तर कितीतरी लोकांनी नोंदणी केली असती.

जहाजावरच्या मुलांचा उल्लेख केलाच पाहिजे. लिमासोल हे जहाज-व्यवस्थापनाचं मोठं केंद्र, आणि कोकण-गोव्यापासून मुंबईपर्यंतची दर्यावर्दी घरं या शहराचं नाव ओळखतात. त्यांच्या अडचणी वेगळ्या: करार संपलाय पण उतरता येत नाही, सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेची, मुदत, किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी. सागरी कामगार करारानुसार सलग बारा महिन्यांपेक्षा कमीच काळ जहाजावर ठेवता येतं. त्यांना मंडळाची मदत लागते ती त्यांच्या घरच्यांना खरी माहिती पोचवण्यासाठी, कारण घरी फोन येतो तो एजंटचा.

एक विषय कुणी काढत नाही म्हणून आम्ही काढतो. परदेशात मृत्यू झाला तर काय. सायप्रसमध्ये २०१६ साली दहनाला परवानगी देणारा कायदा झाला, पण २०२० मध्ये बेटावर दहनाची सोय चालू नव्हती. म्हणजे दोनच वाटा: पार्थिव भारतात पाठवणं किंवा दफन. पाठवायचं तर स्थानिक मृत्यू प्रमाणपत्र, पार्थिवावर रासायनिक प्रक्रिया केल्याचा दाखला, उच्चायुक्तालयाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट इतकं लागतं, आणि प्रवासी विमानं बंद असताना मालवाहू विमानात जागा शोधावी लागते. हे सगळं शोकात बसलेल्या बायकोने किंवा वीस वर्षांच्या मुलाने रात्री एक वाजता इंटरनेटवर शोधू नये. अंत्यविधी व्यवस्था करणाऱ्या एका स्थानिक संस्थेचा फोन, उच्चायुक्तालयाचा तातडीचा क्रमांक आणि कागदांची ही यादी मंडळाकडे बंद पाकिटात असावी. पाकीट दर वर्षी उघडून क्रमांक लागतो का ते पाहावं.

बेटाच्या उत्तर भागाबद्दल आम्ही इथे काही सांगत नाही. तो १९७४ पासून सायप्रस प्रजासत्ताकाच्या ताब्यात नाही, तिथले नियम वेगळे होते, ८९९८ तिथे चालत नव्हता. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस मधल्या नाक्यांपैकी चार बंद झाले, मग बाकीचेही. तिथल्या विद्यापीठांत कुणी ओळखीचं असेल तर त्याला दक्षिणेतली माहिती पाठवू नका. निकोसिया शहर दोन्ही भागांत विभागलेलं आहे, त्यामुळे निकोसियाच्याच नावाने आलेली चुकीची माहिती तो खरी धरेल.

कागदाचं काय ते आता ठरवा. ए-चार आकाराचा, दोन्ही बाजूंनी छापलेला, एकच. पुढे क्रमांक, पिनकोड कुठे सापडतो ते, फॉर्मचे दुवे, सुट्ट्या, दोन ग्रीक वाचणाऱ्यांची नावं. मागे औषधांची मूळ नावं आणि धान्याचा तक्ता. वर कोपऱ्यात 'शेवटचं तपासलं' आणि तारीख. तारीख नसेल तर तो कागद फेकून द्या. पीडीएफ चालेल, पण प्रत्येक घरात एक छापील हवा, कारण फोन बंद पडायची वेळ कुणाला विचारून येत नाही. कार्यकारिणीत सांस्कृतिक सचिव असतो, तसा या कागदाचा एक माणूस नेमा. नाटकात काम न करणारा निवडा, गणपतीच्या आधीचा महिना त्याला मोकळा असतो.

आणि जे मंडळाचे सदस्य नाहीत, वर्गणी भरत नाहीत, कार्यक्रमाला येत नाहीत, त्यांनाही तो कागद द्या. रविवारी निकोसियाच्या बागेत एकत्र जमणाऱ्या, घरकामाला आलेल्या भारतीय बायकांसाठी त्याची हिंदी आणि तेलुगू प्रत काढायला एक संध्याकाळ पुरते. छपाईचा खर्च आम्ही करू. पहिला मसुदा सायप्रसपुरता आमच्याकडे तयार आहे. येत्या पाडव्याच्या बैठकीत त्याला दहा मिनिटं द्या.

कळावे,
लिमासोल आणि निकोसिया येथील काही मराठी रहिवासी